केनियात निवडणुकीनंतरचे सहा आठवडे: तारखा, रस्ते आणि घरातला साठा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याची नोकरी नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात, घर पार्कलँड्समध्ये, मुले सात आणि अकरा वर्षांची. कंपनीचे एक गोदाम पश्चिम केनियातल्या किसुमू शहरात असल्याने महिन्यातून दोनदा तिकडे फेरी होते. १० ऑगस्ट २०२७ ला केनियात निवडणूक आहे. तेवढ्या काळापुरते भारतात यावे का, आणि राहायचे ठरले तर तयारी काय करावी?

आधी एक सांगतो. मतदानाच्या दिवसाची धास्ती घेऊ नका. पहाटेपासून लांब रांगा, सुट्टी आणि मोकळे रस्ते, असा तो दिवस बहुधा शांतच जातो. बिघडले तर नंतर बिघडते, आणि केव्हा बिघडू शकते त्या तारखा आधी काढता येतात. २०१० च्या राज्यघटनेने प्रत्येक टप्प्याला मुदत घातली आहे, म्हणून पहिले काम किराण्याचे नाही, कॅलेंडरचे.

मतदानानंतर सात दिवसांत अध्यक्षपदाचा निकाल जाहीर व्हावा लागतो, म्हणजे उशिरात उशिरा १७ ऑगस्टला. त्यानंतर सात दिवसांत सर्वोच्च न्यायालयात आव्हान देता येते (२४ ऑगस्टपर्यंत), आणि अर्ज दाखल झाल्यापासून चौदा दिवसांत न्यायालयाला निर्णय द्यावाच लागतो (७ सप्टेंबरपर्यंत). निर्णयानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत, एका मंगळवारी, शपथविधी होतो. जिंकायला निम्म्याहून जास्त मते आणि ४७ पैकी किमान २४ काउंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) प्रत्येकी २५ टक्के मते लागतात. कुणालाच ती मिळाली नाहीत, तर तीस दिवसांच्या आत दुसरी फेरी. न्यायालयाने निवडणूकच रद्द केली, तर साठ दिवसांत पुन्हा मतदान. ते घडलेलेही आहे: २०१७ मध्ये ८ ऑगस्टला मतदान झाले, ११ ला रात्री निकाल आला, १ सप्टेंबरला निवडणूक रद्द झाली आणि २६ ऑक्टोबरला फेरमतदान ठेवले गेले. त्या फेरमतदानाच्या दिवशी किसुमू, सियाया, होमा बे आणि मिगोरी या चार काउंटींत मतदान घेताच आले नाही. ऑगस्टमधला पहिला भर ओसरला म्हणून ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात किसुमूला माल पाठवणाऱ्यांचे ट्रक वाटेतच अडकणार होते.

या कॅलेंडरमध्ये सगळ्यात नाजूक वेळ कोणती? निकाल जाहीर होण्याआधीचे दोन दिवस आणि नंतरचे तीन. २००७ मध्ये २७ डिसेंबरला मतदान झाले आणि मोजणी रेंगाळली. ३० तारखेला संध्याकाळी निकाल वाचला गेला आणि तासाभरात स्टेट हाउसमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या निवासात, त्यांची शपथही उरकली. टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. नैरोबीतल्या किबेरा झोपडपट्टीत आणि किसुमूत आगी लागायला त्यानंतर काही मिनिटेच पुरली. २०२२ मध्ये १५ ऑगस्टला निकाल वाचायच्या थोडे आधी निवडणूक आयोगाच्या सातपैकी चार आयुक्तांनी बाहेर येऊन तो आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले आणि बोमास ऑफ केनियाच्या सभागृहात व्यासपीठावरच झटापट झाली. तरी देश मोठ्या प्रमाणावर शांत राहिला, कारण वाद न्यायालयात जाणार हे लोकांना ठाऊक होते. मोजणी लांबली, आकडे मध्येच थांबले किंवा आयोगात फूट दिसली, तर कुणी सांगायची वाट न पाहता घरी थांबायचे.

भारतात यायचे की नाही, याचे माझे उत्तर: मुले आणि त्यांची आई यांनी यावे, पण घाबरून नव्हे. नैरोबीतल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांना ऑगस्टमध्ये सुट्टीच असते, त्यामुळे शाळा बुडत नाही. ५ ऑगस्टपर्यंत निघा. मात्र बहुतेक जण परतीच्या तिकिटात चुकतात. शाळा सुरू होते म्हणून २८-३० ऑगस्टचे तिकीट काढले जाते आणि कुटुंब नेमके न्यायालयाच्या निकालपत्राच्या आठवड्यात उतरते. परतीची तारीख बदलता येणारे तिकीट घ्या आणि ७ सप्टेंबर उलटल्याखेरीज ती पक्की करू नका. २०२७ ची गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे, तेव्हा त्या वर्षीचा गणपती गावीच करायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही. शाळेला एक आठवड्याच्या गैरहजेरीचे पत्र मात्र जूनमध्येच द्या.

आता राहणाऱ्याचे बघू.

परदेशी माणसाला, विशेषतः भारतीयाला, शोधून मारतात ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. २००७-०८ च्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने १,१३३ मृत्यूंची नोंद केली. त्यातले ४०५ गोळी लागून झाले होते, बाकीचे मुख्यतः शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर केलेल्या हल्ल्यांत, जमिनीच्या आणि जमातीच्या जुन्या वैरातून. भारतीयांची दुकाने लुटली गेली, किसुमूत तर मोठ्या प्रमाणावर, पण तो राग मालावर आणि शटरवर निघाला. आपला धोका तीन ठिकाणी असतो: चुकीच्या वेळी रस्त्यावर असणे, पोलिसांच्या गोळीच्या रेषेत येणे, आणि जवळ लुटण्यासारखे काही असणे. तयारी या तिन्हींसाठी करायची.

चुकीचा रस्ता म्हणजे काय, ते नकाशावर पेन्सिलीने आखून ठेवा. पार्कलँड्स आणि वेस्टलँड्स एरवी सुरक्षित, पण वायाकी वेने पश्चिमेकडे चार-पाच किलोमीटर गेले की कांगेमीची गरीब वस्ती लागते आणि तिथे रस्ता पहिल्या तासाभरात बंद होतो. लॅव्हिंग्टनच्या बंगल्यांना कावांगवारेची तशीच वस्ती खेटून आहे. पूर्वेला माथारेची वस्ती, तिथून जाणारा थिका रोड. दक्षिणेला किबेरा आणि तिच्या कडेने जाणारा न्गोंग रोड. इंडस्ट्रियल एरियाच्या मागच्या अंगाला मुकुरूची वस्ती आहे, म्हणजे कारखान्यातून निघायला एकच फाटक आणि एकच रस्ता असेल तर अडचण होणार. दोन वाटा ठरवा आणि दोन्हींवरून दिवसाउजेडी एकदा गाडी नेऊन पाहा. एक्स्प्रेसवे उंचावरून जातो म्हणून त्यावर विसंबू नका. जुलै २०२३ च्या निदर्शनांत म्लोलोंगोजवळ त्याची मोडतोड झाली आणि तो बंद करावा लागला. उंच रस्त्यावर अडकलेल्या गाडीला बाजूची गल्लीही नसते.

किसुमूची फेरी ८ ऑगस्टपासून न्यायालयाचे निकालपत्र येईपर्यंत सरळ बंद ठेवा. नैरोबीहून किसुमूचा रस्ता सुमारे ३५० किलोमीटरचा, आणि नैवाशा, नाकुरू वाटेत. २००८ मध्ये या दोन गावांत हिंसा उसळली ती जानेवारीच्या शेवटी, म्हणजे निकालाला जवळजवळ महिना झाल्यावर, सूड म्हणून. समझोता झाला २८ फेब्रुवारीला. पहिला आठवडा निभावला म्हणून लांबच्या प्रवासाला निघणे हीच त्या वेळी अनेकांची घोडचूक ठरली. गोदामातला माल जुलैअखेर कमी करा, चार आठवडे पुरेल इतकाच ठेवा. महाग माल पुढच्या शटरजवळ ठेवू नका. आणि विम्याची कागदपत्रे आजच काढून वाचा. साध्या आगीच्या विम्यात राजकीय हिंसाचार आणि दंगल सहसा धरलेली नसते. त्यासाठी ‘पोलिटिकल व्हायोलन्स’चे वेगळे कलम घ्यावे लागते आणि ते तणाव सुरू होण्याआधीच मिळते. २००८ नंतर कित्येक दुकानदारांचे दावे याच कारणाने अडकले.

ड्रायव्हरबद्दल भारतीय घरांत फार कमी विचार होतो. अडवणाऱ्या टोळक्यासमोर तुम्ही ‘म्हिंदी’ (स्वाहिलीत भारतीय) असता, तटस्थ पाहुणे. तुमचा ड्रायव्हर मात्र आडनावावरून, बोलीच्या हेलावरून कुठल्या जमातीचा ते लगेच ओळखला जातो. त्याचा समाज जिथे अल्पसंख्य आहे त्या भागात त्याला पाठवणे म्हणजे आपला धोका त्याच्या गळ्यात बांधणे. जात विचारावी तशी जमात विचारू नका, अपमान होतो. ‘या आठवड्यात कुठल्या बाजूला जायला तुला बरे वाटणार नाही?’ एवढे विचारले की तो आपणहून सांगतो. घरकाम करणारी बाई, अस्कारी (पहारेकरी) आणि ड्रायव्हर यांना ऑगस्टचा पगार ५ तारखेच्या आत रोख द्या. दुकाने बंद पडली की मक्याचे पीठ वस्त्यांत आधी संपते. कुणाला तुमच्याकडे राहायचे असेल तर गादी आणि शिधा धरून हिशोब करा.

शिध्याचा हिशोब दहा दिवसांचा पुरे. चार माणसांना तांदूळ आणि कणीक मिळून १६ किलो, डाळी ३ किलो, तेल दीड लिटर, टिकाऊ दुधाची अर्ध्या लिटरची ३० पाकिटे, कांदे-बटाटे ८ किलो, शिवाय पोहे, रवा, बिस्किटे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर पाणी, म्हणजे २० लिटरच्या आठ बाटल्या. वापरायच्या पाण्यासाठी गच्चीवरची टाकी ८ तारखेला काठोकाठ भरलेली हवी, कारण नैरोबीत एरवीही पाणी वारावारानेच येते. गॅसचा १३ किलोचा भरलेला सिलिंडर जोडीला हवा. मुलांची आणि मोठ्यांची नेहमीची औषधे तीस दिवसांची. दमा असेल तर इनहेलर दोन, कारण अश्रुधूर पार्कलँड्सपर्यंत वाऱ्याने येतो. आगा खान आणि एम. पी. शाह ही दोन्ही रुग्णालये पार्कलँड्समध्येच आहेत, हे तुमचे नशीब. तिथे पायी जायची वाटही पाहून ठेवा.

विजेचे टोकन लोक हमखास विसरतात. मीटर प्रीपेड असतो. मोबाइलवरून पैसे भरायची एम-पेसा सेवा बंद पडली किंवा नेटवर्क गेले की भरलेले घरही अंधारात. महिनाभराचे युनिट ७ ऑगस्टला विकत घ्या आणि वीस आकडी टोकन लगेच मीटरमध्ये टाका, मेसेजमध्ये ठेवून उपयोग नाही. एम-पेसाच्या खात्यात पैसे असणे आणि हातात रोकड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण एजंटचे दुकान बंद असले किंवा त्याच्याकडे रोकड नसली तर फोनमधला आकडा नुसता आकडा राहतो. घरात चाळीस-पन्नास हजार शिलिंग ठेवा, त्यातले निम्मे शंभर आणि दोनशेच्या नोटांत. थोडे डॉलरही, नव्या छपाईच्या न दुमडलेल्या नोटांत. एअरटाइम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर भरून ठेवा. २००८ च्या जानेवारीत रिचार्जची कार्डे मिळेनाशी झाली होती. साधे फोन-मेसेज करता आले पाहिजेत. व्हॉट्सअॅपवर अवलंबून राहू नका, २५ जून २०२४ ला इंटरनेट मंदावल्याचा अनुभव ताजा आहे. भारतीय उच्चायुक्तालय, कंपनी, दोन शेजारी, रेडक्रॉसचा ११९९ आणि पोलिसांचा ९९९ हे नंबर कागदावर लिहून फ्रिजला लावा.

गोळीबाराचा आवाज आला तर खिडकीकडे जाऊ नका. सांगायला सोपे, पाळायला सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे दंगल गॅलरीतूनच बघायची सवय असते. ऑगस्ट २०१७ मध्ये माथारेत एका लहान मुलीला गोळी लागली ती घराच्या बाल्कनीत. बाहेर आणि तुमच्यात दोन भिंती येतील अशी जागा घरात आजच शोधा, बहुतेक फ्लॅटमध्ये ती मधला पॅसेज किंवा बाथरूम असते. जमिनीवर बसा, दिवे घालवा. पत्र्याची भिंत किंवा लाकडी दार गोळी अडवत नाही.

अश्रुधूर आला तर खिडक्या आणि एसी बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. डोळे चोळायचे नाहीत. साध्या स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवायचे. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी हात धुऊन त्या काढून फेकून द्यायच्या. टूथपेस्ट, दूध, कांदा हे सगळे ऐकीव उपाय, त्यातल्या एकाचाही भरवसा धरू नये. कपडे वेगळे ठेवून थंड पाण्यात धुवा.

रस्त्यावर असताना पुढे धूर, आडवे दगड किंवा उलट्या दिशेने परतणाऱ्या मटाटू (प्रवासी मिनीबस) दिसल्या, तर दोनशे मीटर आधीच वळा. अगदी जवळ जाऊन घाईने मागे घेतलेली गाडी पळणाऱ्या माणसासारखी दिसते आणि दगड तिच्यावरच येतात. वळायला जागा नसेल तर वेग कमी करा, काच दोन बोटे खाली, हात स्टिअरिंगवर दिसतील असे, गॉगल काढलेला, फोन सीटखाली. ‘हबारी’ (काय खबर) म्हणा, ‘पोले’ (माफ करा) म्हणा. शंभर-दोनशे शिलिंग मागितले तर द्या, पाकीट न काढता, म्हणून नोटा शर्टाच्या खिशात सुट्या ठेवायच्या. कोण जिंकला, कुणाला मत द्यायला हवे होते, यावर एक शब्द नाही, हसूनही नाही. गाड्यांना हिरवी डहाळी लावून शांततेची खूण दाखवतात. इतर गाड्यांनी लावली असेल तर तुम्हीही लावा, एकट्यानेच लावून वेगळे दिसू नका. डॅशकॅमेरा या सहा आठवड्यांत काढूनच ठेवा. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचे नाही आणि अंधार पडायच्या आत घरी यायचे.

देश सोडायची वेळ आलीच, तर सरकारी विमान येईल या आशेवर बसू नका. २००८ मध्येही बहुतेक परदेशी नेहमीच्याच विमानांनी गेले. जोमो केन्याटा विमानतळ चालूच असतो, पण तिथवरचा रस्ता चालू असेलच असे नाही. विमान रात्रीचे असले तरी दुपारी निघा आणि बाकीचे तास टर्मिनलमध्ये काढा. बॅगेत पासपोर्ट, परमिट, मुलांचे जन्मदाखले आणि पिवळ्या तापाच्या लसीचे कार्ड हवेच. केनियातून येणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस टोचून दहा दिवस झाल्यावरच ते कार्ड ग्राह्य धरतात, म्हणून आयत्या वेळी टोचून भागत नाही. दुसरी वाट नामांगाची, नैरोबीहून टांझानियाच्या सीमेपर्यंत सुमारे १७० किलोमीटर. ती धरायची तर टांझानियाचा व्हिसा आधीच काढलेला असावा.

डोळ्यांनी काही पाहिले तर काय करावे? परदेशी माणसाने मोर्चात जायचे नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, पोलिसांचे चित्रण करायचे नाही. परमिट जाऊ शकते, फोनही. पण जे दिसले ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवायला हरकत नाही: तारीख, वेळ, नेमकी जागा, गणवेशाचा रंग, गाडीचा नंबर दिसला असेल तर तोही. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या पानांवर लिहा. वाकी आयोगाचे काम अशाच साक्षींवर चालले. केनियातच जानेवारी २००८ मध्ये लोकांचे मेसेज नकाशावर मांडणारी ‘उशाहिदी’ ही सोय उभी राहिली, स्वाहिलीत त्या शब्दाचा अर्थच साक्ष. समाजमाध्यमांवर मात्र काही टाकू नका, आणि मराठी ग्रुपवर आलेले ‘अमुक वस्ती पेटली’ पुढे ढकलू नका. निकालाबद्दलची अफवा तपासता येते: निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्राच्या निकालाचा ‘३४ ए’ फॉर्म पोर्टलवर चढवतो, २०२२ मध्ये अशी ४६ हजारांहून जास्त केंद्रे होती. हिंसेची अफवा तपासायला त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला फोन, एवढाच मार्ग.

वरचे सगळे जुन्या निवडणुकांवरून बेतलेले आहे, आणि २०२७ वेगळी असू शकते. २००७ पासून प्रत्येक वेळी एका बाजूला असलेले, आणि ज्यांच्यामागे किसुमू उभे राहत असे ते नेते रायला ओडिंगा ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळात उपचार घेताना वारले. त्यामुळे किसुमूचा राग कुणामागे उभा राहील, हे गृहीत धरता येत नाही. दुसरीकडे जून २०२४ पासून रस्त्यावर आलेली तरुण पिढी जमातींच्या रेषा मानत नाही. २५ जून २०२४ ला ती संसदेत घुसली, वर्षभराने त्याच तारखेला शहराच्या मध्यभागातली दुकाने लुटली गेली, आणि ७ जुलै २०२५ ला पोलिसांनीच पहाटेपासून शहरात येणारे रस्ते अडवले. तेव्हा वस्त्यांइतकीच नैरोबीच्या मध्यवर्ती भागाचीही काळजी घ्या. नाकेबंदी झाली की रात्रपाळी सुटलेले कामगार कारखान्यातच अडकतात. कारखान्यात एका पाळीला दोन दिवस पुरेल इतके पाणी, पीठ, अंथरुणे आणि फोन चार्ज करायची सोय ठेवा.

सगळे निवळले हे कळते कसे, तर बातम्यांवरून नाही. पहाटे साडेपाचला मटाटू नेहमीच्या भाड्याने धावू लागल्या, कोपऱ्यावरचा एम-पेसा एजंट रोकड देऊ लागला, आणि शेजारची सरकारी शाळा भरली, असे तीन दिवस सलग दिसले की नैरोबीत फिरायला हरकत नाही. किसुमूसाठी हेच तीन दिवस किसुमूतल्या माणसाकडून विचारून घ्या, आणि पहिली फेरी विमानाने, सकाळी जाऊन दुपारी परत अशी करा.